‘डेमो संपला काका, लायसन्स घ्यावं लागेल’ : कोपरखैरण्यात 19,000 ला गंडा

‘सगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकाच स्क्रीनवर’ म्हणत कोणी दारात आला तर आधी हे वाचा. माझे 19,000 रुपये गेलेत. व्हिजिट 500, पाच नगांचं ‘इंटिग्रेशन लायसन्स’ 1,800 प्रमाणे 9,000, ‘गेटवे’ 6,500 आणि वर्षाचं क्लाउड 3,000. सगळे यूपीआयवर. बिल मागितलं तर ‘व्हॉट्सअ‍ॅप करतो काका’. अजून करतोय.

आमचं सिडकोचं रो हाउस. यात्रेला गावी गेलो की घराला कुलूप, म्हणून एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवून टीव्हीवर दाखवणारा डबा) आणि त्याच कंपनीचे चार कॅमेरे आधीपासूनच होते. यंदा मुलाने सेलमध्ये दुसऱ्या कंपनीचे दोन वायरवाले, बॅटरीवरचे दोन वायफाय कॅमेरे आणि व्हिडिओ डोअरबेल मागवली. प्रत्येकाचं अ‍ॅप वेगळं, पासवर्ड वेगळा. हे सगळं टीव्हीवर एकत्र दिसावं, एवढीच आमची मागणी. त्यात हाव कसली?

‘सगळे कॅमेरे एकाच स्क्रीनवर’ ही जाहिरात बघून टेक्निशियनला बोलावलं. तो आला, एनव्हीआरच्या मेनूत ‘ऑनव्हिफ’ (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकमेकांशी जुळवणारी पद्धत) निवडलं, कॅमेऱ्यांचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा नंबर, आणि पासवर्ड टाकला आणि वायरवाले दोन्ही कॅमेरे टीव्हीवर दिसायला लागले. एक पैसा न भरता! मी समोर उभा होतो. वर हा म्हणतो, ‘ही डेमो परमिशन आहे काका, उद्या बंद पडेल. कायमचं पाहिजे तर लायसन्स.’ आणि जाता जाता एनव्हीआरखालचा क्यूआर कोड त्याने स्कॅन केला. स्वतःच्या मोबाइलवर. घर माझं, डबा माझा, मग मोबाइल त्याचा कशाला? हा प्रश्न आता रोज रात्री पडतो, तेव्हा पडला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही चौकटी खरंच काळ्या झाल्या. माणूस बोलला तसंच घडलं, मग संशय कशावरून घ्यायचा? तुम्ही घेतला असता? मी पैसे पाठवले, अर्ध्या तासात चित्र परत. बॅटरीवाले आणि डोअरबेल मात्र ‘अपडेट येतंय’वरच अडकले, मग त्यांच्यासाठी गेटवे, मग क्लाउड, मग फोन बंद.

मार्केटमध्ये नेटवर्किंगचं काम करणारा एक पोरगा आहे, त्याने घरी येऊन एनव्हीआरचा लॉग, म्हणजे कोणी कधी काय केलं याची नोंद, उघडली. रात्री 11:40 ला अ‍ॅडमिनने बाहेरून लॉगिन करून दोन कॅमेरे डिलीट केलेले. क्यूआर स्कॅन करून डबा त्याने स्वतःच्या मोबाइलला जोडला होता. हाच तो संपलेला डेमो. 6,500 चा गेटवे म्हणजे स्टिकर चिकटवलेला पाच पोर्टचा साधा नेटवर्क स्विच, हजाराच्या आत मिळतो. घरगुती एनव्हीआरला कॅमेऱ्यामागे लायसन्स नसतंच, किती चॅनेल, म्हणजे कॅमेरे, चालतील ते डब्यावर छापलेलं असतं. कॅमेऱ्यामागे पैसे घेणारी सॉफ्टवेअर मोठ्या ऑफिसांसाठी असतात, त्यांचीच भाषा याने आमच्या हॉलमध्ये वापरली. ऑनव्हिफ हे 2008 साली अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनीने मिळून सुरू केलेलं खुलं मानक आहे, ते कोणा गल्लीतल्या माणसाने विकायचं नसतं. तुमचं मॉडेल त्यात बसतं का, हे ऑनव्हिफच्या वेबसाइटवरच्या यादीत बघा, खोक्यावरच्या शब्दावर जाऊ नका. बॅटरीवरचे कॅमेरे चार्ज वाचवायला झोपलेले असतात, सतत चित्र पाठवतच नाहीत, त्यामुळे त्यातले बहुतेक एनव्हीआरला जोडता येत नाहीत. सेलमध्ये घेतानाच हे लक्षात ठेवा.

पैसे गेले ते गेले, पण हॉलमधला कॅमेराही त्याच एनव्हीआरवर होता. म्हणजे तो माणूस आमचं घर बघत होता. हे पोलिस ठाण्यात सांगितलं तर साहेब म्हणाले, ‘पैसे तुम्हीच दिलेत ना? दिवाणी मामला आहे.’ यूपीआयचा व्यवहार आहे म्हटल्यावर सायबरकडे धाडलं. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी आला होता, मग हे ऑनलाइन कुठे? परत ठाण्यात. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318, आयटी कायद्याचं संगणकाशी संबंधित गुन्ह्यांचं कलम 66, लॉगचे फोटो, सगळं प्रिंट काढून नेलं होतं. न वाचताच कागद टेबलावर सरकवला आणि ‘लॉग म्हणजे काय’ असं मलाच विचारलं. मग अर्ज ‘आवक’मध्ये. पोच मागितली तर शिक्का मारणारा जेवायला गेलेला. बँकेने तर एका वाक्यात उरकलं, ‘पिन तुम्हीच टाकलात.’ उद्या घरफोडी झाली की हेच लोक पहिल्यांदा सीसीटीव्हीचं फुटेज मागणार!

आता ग्राहक आयोगात जातोय, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही. तोवर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर घ्या. टेक्निशियन गेल्या गेल्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, अ‍ॅपमध्ये डिव्हाइस कोणाच्या खात्याला जोडलंय ते तपासा. दुसऱ्याच्या खात्यावर असेल तर खरेदीचं बिल दाखवून कंपनीकडून सोडवून घ्यावं लागतं, म्हणून बिल फेकू नका. राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत शिरायची वाट, उघडून ठेवलेत का तेही बघून घ्या.

नवीन नंबरवरून त्याची तीच जाहिरात घणसोलीच्या एका सोसायटीच्या ग्रुपवर परवा आली. आणखी कोणाचे गेले असतील तर यूपीआयचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि मला सांगा. चार जण एकदम ठाण्यात गेलो तर निदान पोच तरी मिळेल.