‘डिस्कव्हरी टूर : एन्शंट इजिप्त’ – घ्यावा का, आणि घेतला तर मुलांना कसा दाखवावा

‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ हा युबिसॉफ्टचा मारामारीचा गेम २७ ऑक्टोबर २०१७ ला बाजारात आला. पुढच्या चारच महिन्यांत, २० फेब्रुवारी २०१८ ला, कंपनीने त्याच गेममधली हाणामारी, शत्रू आणि कथानक काढून टाकले आणि उरलेला इजिप्त नुसता फिरायला खुला केला. हाच ‘डिस्कव्हरी टूर’. काळ क्लिओपात्राचा, म्हणजे इ.स.पू. पहिल्या शतकाच्या मध्याचा. पात्र निवडायचे (मूळ गेमचा नायक बायेक, क्लिओपात्रा, ज्युलियस सीझर किंवा साधा शेतकरी, एखादे लहान मूलसुद्धा), नकाशावर बोट ठेवायचे आणि थेट तिथे जाऊन उभे राहायचे. अंगावर कोणी धावून येत नाही, वेळेचे बंधन नाही, हरणे नाही.

आत ७५ सफरी आहेत. त्या पाच गटांत विभागल्या आहेत : इजिप्त, पिरॅमिड, अलेक्झांड्रिया, दैनंदिन जीवन आणि रोमन. एक सफर पाच मिनिटांत संपते, तर एखादी पंचवीस मिनिटे चालते. जमिनीवर सोनेरी रेघ उमटते, तिच्या मागे चालत जायचे. मध्ये मध्ये थांबे लागतात. थांब्यावर बटण दाबले (कीबोर्डवर ‘ई’) की कॅमेरा तुमच्या पात्राला सोडून त्या वास्तूभोवती फिरतो आणि निवेदन सुरू होते. सोबत खऱ्या वस्तूंची किंवा जुन्या चित्रांची छायाचित्रे येतात. थांबा झाला की रेघ पुढे. वाटेत रेघ सोडून गल्लीत शिरलात तरी चालते, आणि शिरावेच. गेमची खरी कमाई त्या गल्ल्यांत आहे : भिंतीला टेकवलेल्या घागरी, भट्टीचा धूर, कालव्याच्या काठचे चिखलाचे बांध, देवळाच्या खांबांवरचे ताजे रंग. पाठ्यपुस्तकातला इजिप्त वाळूच्या रंगाचा असतो. इथला लाल, निळा, हिरवा आहे, आणि प्राचीन देवळांवर आजही टिकून राहिलेले रंगांचे अवशेष पाहता हेच खऱ्याच्या जवळचे.

सुरुवात पिरॅमिडपासून करू नका. सगळे तिथेच धावतात आणि तिथली आतली सफर अंधारी, अरुंद आणि कॅमेऱ्याला अडचणीची आहे. मोठ्या पडद्यावर ती पाहताना काही मुलांना गरगरते. सेटिंगमध्ये फील्ड ऑफ व्ह्यू (पडद्यावर एका वेळी दिसणारा परिसर) वाढवले की हा त्रास बराच कमी होतो. पहिल्या दिवशी दैनंदिन जीवनाचा गट उघडावा. शेती, पाव, बिअर या सफरी छोट्या आहेत आणि त्यांतली कामे मुलांना बघताक्षणी कळतात. पिरॅमिडच्या काळात मजुरांना मजुरी नाण्यांत मिळत नसे, पाव आणि बिअरमध्ये मिळे, हे एकदा लक्षात आले की पुढे पिरॅमिड बांधणाऱ्यांचा प्रश्न आपोआप निघतो : एवढ्या माणसांचे पोट कोण भरत होते? त्यानंतर ममीकरण. मृतदेह नॅट्रॉन नावाच्या क्षारात सुमारे ४० दिवस सुकवत, सगळा विधी ७० दिवसांचा. यकृत, फुप्फुसे, जठर आणि आतडी चार वेगळ्या बरण्यांत ठेवत. हृदय बहुधा जागेवरच राहू देत, कारण परलोकात त्याचे वजन व्हायचे होते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हा विषय किळसवाणा वाटत नाही, उलट प्रश्नांचा पाऊस पडतो. मात्र त्याहून लहान मूल असेल तर आधी स्वतः एकदा पाहून घ्या.

आता मुख्य तक्रार. हा गेम जे माहीत आहे आणि जे अंदाजाने रचले आहे ते एकाच झळाळीने दाखवतो.

अलेक्झांड्रियाचेच घ्या. बंदरावरचा फॅरोसचा दीपस्तंभ खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी, वर गोल असा तीन टप्प्यांचा होता. हे आपल्याला जुनी वर्णने आणि नाण्यांवरच्या आकृत्या यांवरून ठाऊक आहे. १९९४ पासून ज्याँ-इव्ह आँपेरर यांच्या पथकाने कायतबे किल्ल्याजवळ समुद्रतळावर त्याचे प्रचंड दगड आणि पुतळ्यांचे तुकडे नोंदवले. म्हणजे गेममधला दीपस्तंभ बऱ्यापैकी पुराव्यावर उभा आहे. त्याच शहरातल्या ग्रंथालयाची मात्र एक वीटही सापडलेली नाही. इमारतीचा आराखडा कोणालाही माहीत नाही. गेममधले कपाटांचे भव्य दालन कलाकाराच्या कल्पनेतून आले आहे. पण मूल पाहते तेव्हा दोन्हींवर ऊन तसेच पडते, दोन्हींच्या फरशा तशाच चकाकतात.

काही थांबे याचसाठी वेगळे ठेवले आहेत, त्यांत गेम बनवणाऱ्यांनी आपण कुठे काय आणि का बदलले ते सांगितले आहे. हे थांबे वगळू नका. या गेममधला सर्वांत प्रामाणिक भाग तोच. त्यांतला एक नमुना : शाळेच्या दृश्यात मुलगे आणि मुली एकत्र बसलेले दिसतात. त्या काळी शिक्षण मुख्यतः मुलग्यांनाच मिळे. बनवणाऱ्यांनी हा बदल जाणूनबुजून केला आणि तो तसा सांगितलाही आहे. बदल पटो न पटो, त्यावर वर्गात दहा मिनिटे चांगली चर्चा होते. नग्न पुतळ्यांवर शिंपले चिकटवले आहेत, ते मात्र हास्यास्पद दिसतात आणि मुलांचे लक्ष नेमके तिथेच जाते.

गिझाच्या सर्वांत मोठ्या, खुफू राजाच्या पिरॅमिडची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. ज्याँ-पिएर ऊदँ या फ्रेंच वास्तुविशारदाचे मत असे की वरच्या भागाचे दगड पिरॅमिडच्या आतूनच वळत जाणाऱ्या उतारावरून चढवले गेले. ‘ओरिजिन्स’मधल्या पिरॅमिडच्या अंतर्भागावर या मताची छाप आहे. हे मत सिद्ध झालेले नाही आणि बहुतेक इजिप्ततज्ज्ञांनी ते स्वीकारलेलेही नाही. गंमत म्हणजे गेम आल्यानंतर आठवडाभरातच, २ नोव्हेंबर २०१७ ला, म्यूऑन या दगडातूनही आरपार जाणाऱ्या कणांच्या साहाय्याने केलेल्या पाहणीत पिरॅमिडच्या आतल्या मोठ्या दालनाच्या वर किमान ३० मीटर लांबीची पोकळी असल्याचे जाहीर झाले. २०२३ मध्ये उत्तर बाजूला सुमारे ९ मीटरचा बोळही सापडला. यापैकी कशानेही आतल्या उताराचे मत सिद्ध होत नाही, पण ‘गेममध्ये दाखवलेच होते’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मुलांना पुरावा कसा असतो ते दाखवायचे असेल तर या सफरीला जोडून वादी अल-जर्फचे पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचे लेख) सांगा. पिएर ताले यांच्या पथकाला २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी ते मिळाले. त्यांत मेरेर नावाचा एक मुकादम तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेने गिझाला कसे नेले याची रोजनिशी लिहितो. खुफूच्याच काळातली, त्याच कामावरच्या माणसाची.

दुसरा घोटाळा काळाचा आहे आणि तो पालकांच्या लक्षातही येत नाही. गेम क्लिओपात्राच्या काळात घडतो, पण सफरी तीन हजार वर्षांच्या सांगितल्या जातात. खुफूचा पिरॅमिड साधारण इ.स.पू. २५६० चा. क्लिओपात्रा इ.स.पू. ३० मध्ये वारली. म्हणजे तिच्यासाठी तो पिरॅमिड अडीच हजार वर्षांपूर्वीचा होता, आणि ती आपल्याला जितकी दूर त्याहूनही दूर. मूल मात्र एकाच दुपारी घोड्यावरून अलेक्झांड्रियाहून गिझाला जाते आणि सगळे एकाच काळात घडले असे समजून घरी येते. उपाय सोपा आहे : खेळायला बसण्याआधी भिंतीवर दोरी बांधा, एका टोकाला इ.स.पू. ३०००, दुसऱ्या टोकाला आजचे वर्ष. प्रत्येक सफर संपली की त्या सफरीची चिठ्ठी योग्य जागी अडकवायची. अंतराचेही तसेच. अलेक्झांड्रिया ते गिझाजवळचे मेम्फिस प्रत्यक्षात दोनशे किलोमीटरच्या आसपास, गेममध्ये काही मिनिटांची घोडदौड. शेजारी इजिप्तचा साधा नकाशा ठेवावा.

काय नाही तेही सांगायला हवे. मूळ नकाशात थीब्झ (आजचे लक्सर) नाही, त्यामुळे कर्नाकचे देऊळ नाही, राजांची दरी नाही, तुतनखामेनची कबर नाही. मुले नेमके तेच शोधतात, म्हणून आधीच सांगून ठेवा. तांबड्या समुद्रावरचे बेरेनिके बंदरही नकाशाबाहेर राहिले आहे. मराठी वाचकाला ही उणीव खटकावी अशी आहे, कारण इजिप्तशी आपला जुना धागा तिथूनच येतो. क्लिओपात्राच्या काळानंतर शंभरएक वर्षांनी लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांची नावे आहेत. आपल्या किनाऱ्यावरचा माल तांबड्या समुद्रावर उतरे, उंटांवरून नाईलपर्यंत जाई आणि नावांनी अलेक्झांड्रियाला पोचे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती याच व्यापाराच्या वाटेने आलेली. ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. अलेक्झांड्रियाच्या बंदराची सफर आणि ही मूर्ती एकाच आठवड्यात दाखवता आली तर फारच उत्तम.

शिकवण्याच्या दृष्टीने या गेमची सर्वांत कच्ची बाजू म्हणजे तो काहीच विचारत नाही. सगळे थांबे पाहिले की सफर पूर्ण झाल्याची खूण, बस. मुले रेघेवरून पळत सुटतात, बटण दाबतात, निवेदन अर्ध्यात तोडतात आणि खूण मिळवतात. ३५ मिनिटांच्या तासाला एकच सफर ठेवा. माउस एका मुलाच्या हाती, बाकीच्यांकडे कागद. प्रत्येक थांब्यानंतर थांबून दोन प्रश्न : काय पाहिले, आणि हे आपल्याला कशावरून कळले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निवेदनात नसेल तर तेच गृहपाठ. निवेदन आणि उपशीर्षके इंग्रजीत (आणि इतर काही भाषांत) आहेत, मराठी किंवा हिंदी नाहीत. मराठी माध्यमाच्या वर्गात उपशीर्षके चालू करून शिक्षकाने प्रत्येक थांब्यावर सांगत जाणे हाच मार्ग, त्यामुळे दहा मिनिटांची सफर पंचवीस मिनिटांची होते. तसे धरूनच तासाची आखणी करा.

यंत्राबद्दल. दिसायला शैक्षणिक असला तरी हा पूर्ण ताकदीचा गेम आहे. किमान गरज : कोअर आय५-२४००एस किंवा त्या तोडीचा प्रोसेसर, ६ जीबी रॅम, २ जीबी मेमरीचे जीटीएक्स ६६० सारखे ग्राफिक्स कार्ड आणि डिस्कवर ४२ जीबी जागा. नीट चालायला कोअर आय७-३७७०, ८ जीबी रॅम आणि ३ जीबीचे कार्ड सुचवले आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतले वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेले जुने संगणक इथे उपयोगाचे नाहीत. हा गेम ग्राफिक्स कार्डाइतकाच प्रोसेसरलाही दमवतो. अलेक्झांड्रियासारख्या गर्दीच्या जागी चित्र अडखळू लागले तर आधी फ्रेमची (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) मर्यादा ३० वर आणा, मग सावल्या, ढग आणि परिसराचे बारकावे कमी करा. एवढ्याने भागले नाही तरच रिझोल्यूशनला हात लावा. साध्या हार्ड डिस्कवर नकाशातून उडी मारल्यावर भिंतींचे पोत काही क्षण धूसर दिसतात, एसएसडीवर हे जवळजवळ होत नाही. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतला तरी युबिसॉफ्ट कनेक्ट हा कंपनीचा स्वतःचा प्रोग्राम लागतोच. खाते उघडणे, डाउनलोड आणि पहिली सुरुवात आदल्या दिवशी इंटरनेट असताना उरकून ठेवा. तासाच्या सुरुवातीला पासवर्ड शोधत बसलात की वर्ग हातचा गेला.

खरेदी करताना एक मेख आहे. पीसीवर ही सफर स्वतंत्र मिळते. कन्सोलवर (प्लेस्टेशन, एक्सबॉक्स) ती ‘ओरिजिन्स’चाच भाग म्हणून येते. ‘ओरिजिन्स’ असेल तर वेगळे पैसे मोजायचे नाहीत, आणि सवलतीच्या दिवसांत अख्खा ‘ओरिजिन्स’च स्वस्त पडू शकतो, तेव्हा दोन्ही किमती पाहून घ्या. पण ‘ओरिजिन्स’ युरोपात अठरा वर्षांवरील खेळाडूंसाठीचा गेम म्हणून वर्गीकृत आहे, आणि त्याच्या मुख्य मेन्यूत मारामारी आणि सफर शेजारी-शेजारी असतात. घरात लहान मूल एकटे खेळणार असेल तर पीसीवरची स्वतंत्र आवृत्तीच घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी.

आणि मूल स्वतःहून, कोणी शेजारी न बसता खेळणार असेल, तर इजिप्तऐवजी सप्टेंबर २०१९ चा ‘एन्शंट ग्रीस’ घ्यावा. त्यात सफरी ३० च आहेत, पण प्रत्येकीला सोबत वाटाड्या आहे : युद्धाच्या सफरींना लिओनिडास, रोजच्या जगण्याच्या सफरींना मार्कोस. शेवटी तो प्रश्न विचारतो, चुकले तर समजावून सांगतो, आणि सफरी पूर्ण केल्यावर नवी पात्रे आणि घोडे मिळतात. ऑक्टोबर २०२१ च्या ‘व्हायकिंग एज’मध्ये सफरींची पद्धतच सोडून दिली आहे, तिथे व्यापारी, भिक्षू, राजा अशा भूमिका घेऊन छोट्या मोहिमा पार पाडायच्या. तो खेळायला सर्वांत सोपा आणि माहितीला सर्वांत विरळ. ज्या शाळांत सहावी-सातवीच्या आसपास नाईल खोऱ्याची संस्कृती शिकवतात, त्यांनी मात्र इजिप्तच घ्यावा, प्रश्न विचारणारा माणूस वर्गात उभा असेल तर.