बीटा की स्टेबल?

निपाणीत किराणा दुकान चालवणाऱ्या भाच्यानं विचारलं, "मामा, अँड्रॉइडचा बीटा, म्हणजे चाचणीची कच्ची आवृत्ती, टाकू, की स्टेबल, म्हणजे पक्की आवृत्ती येईपर्यंत थांबू?"

पैसे दोन्हीकडे शून्य. खरा फरक ॲप मिटण्यात, म्हणजे आपोआप बंद पडण्यात. बीटात आतली रचना अजून बदलत असते, त्यामुळे जुन्या रचनेवर बेतलेलं ॲप उघडताच बंद पडू शकतं. बँकेची ॲप्स तर सुरक्षा तपासणीत अडली की चालतच नाहीत. मी एकदा हौसेनं टाकला होता. बेळगावच्या खडेबाजारात केळी घेतली, क्यूआर स्कॅन केला, ॲप तीनदा मिटलं. केळीवाल्या मावशी म्हणाल्या, "राहू दे, उद्या द्या." लाज वाटली ती वेगळीच. स्टेबलमध्येही चुका निघतात, पण अशा क्वचित.

बॅटरी बीटात लवकर उतरू शकते, ते एक वेळ चालेल. परतीची वाट मात्र अवघड: मध्येच बाहेर पडलात तर फोनमधला डेटा पुसला जातो. पक्की आवृत्ती आल्यावर, पुढचा बीटा न घेता बाहेर पडलात तर वाचतो. आयफोनवर बीटातला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढत नाही.

तेव्हा गल्ल्यावरच्या एकुलत्या फोनला स्टेबलच. ॲप बनवायला शिकणाऱ्या भाचीनं कपाटातल्या जुन्या पिक्सेलवर (गूगलच्या फोनवर), त्याला बीटा मिळत असेल तर, बीटा खुशाल टाकावा.