इसबासाठी मोहरीचे तेल की पेट्रोलियम जेली?

ग्वाल्हेरच्या कोरड्या थंडीत इसब असलेल्या मुलांची त्वचा तडकू लागली, की शहराच्या लश्कर भागातल्या आपल्या मराठी घरांत पहिला हात जातो तो अंघोळीपूर्वीच्या मोहरीच्या तेलाकडे. चंबळच्या पट्ट्यात मोहरी मुबलक पिकते, त्यामुळे ही सवय स्वाभाविक आहे. तरीही इसबाच्या त्वचेसाठी ती मला मनापासून चिंताजनक वाटते. कारण मोहरीतील झणझणीत घटक आधीच दुबळ्या झालेल्या त्वचेला चुरचुरवतो आणि नंतर ते तेल काढण्यासाठी चोळलेला साबण त्वचेचा स्वतःचा स्निग्धांशही घेऊन जातो.

पेट्रोलियम जेली स्वतः ओलावा देत नाही, असलेला ओलावा कोंडून ठेवते. म्हणून कोमट पाण्याने 5 ते 10 मिनिटांत अंघोळ आटोपून, अंग न घासता टिपून, त्वचा ओलसर असतानाच, साधारण 3 मिनिटांच्या आत ती लावावी. सुगंधविरहित जेली स्वस्तही पडते. उन्हाळ्यात मात्र तिच्याखाली घाम साचून खाज वाढू शकते; तेव्हा सुगंधविरहित क्रीम बरे. चट्ट्यांतून पाणी किंवा पू येत असेल, तर दोन्ही उपाय बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.