जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून देणारे रविवारचे शिबिर: काय मिळाले, काय राहिले

विंडोज 10 चा नियमित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षेची अद्यतने, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. तेव्हापासून, उत्तम चालणाऱ्या पण जुन्या लॅपटॉपचे आता काय करायचे असे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात कुणालाही विचारले, की नवा घ्या हेच उत्तर मिळते. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे 2016 च्या आसपास घेतलेले बहुतेक संगणक, त्यांत काहीही बिघाड नसताना, बाद ठरतात. पश्चिम नागपुरातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात काही स्वयंसेवक रविवारी सकाळी याच प्रश्नाचे दुसरे उत्तर देतात: विंडोजच्या जागी लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली घालून देतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. आमच्या गृहनिर्माण संस्थेचा लॅपटॉप मी तिथे नेला होता. ठराव, नोटिसा, देखभाल शुल्काच्या पावत्या असा संस्थेचा सगळा संसार त्यातच आहे.

अशी शिबिरे जगभर भरतात. केडीई हा लिनक्सवर चालणारा डेस्कटॉप 1996 पासून घडवणाऱ्या समुदायाने इतर मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता आणि बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, प्रकल्पांसोबत ‘एंड ऑफ टेन’ ही मोहीम चालवली, आणि जुना संगणक फेकण्याऐवजी मदत करणाऱ्या स्थानिक मंडळींकडे न्या, हेच तिचे सांगणे होते. नागपुरात मदत करणारे म्हणजे अभियांत्रिकीचे विद्यार्थी, एक-दोन नोकरदार आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणतात आणि ज्यांचा शब्द तिथे शेवटचा असतो.

या सेवेतील सर्वात चांगला भाग प्रत्यक्ष इन्स्टॉलेशनच्या आधी येतो. टेबलावर बसलेल्या मुलाने लॅपटॉप उघडण्यापूर्वी एक कोरा कागद पुढे ओढला आणि यावर दिवसभरात काय काय काम होते, याची यादी माझ्याकडून लिहून घेतली. त्यानंतर संस्थेच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या आहेत का, असे विचारले, आणि त्या उतरवलेल्या डिस्कवरून एक फाइल प्रत्यक्ष उघडून दाखवायला लावली. ‘‘काका, बॅकअप उघडतो हे पाहिल्याशिवाय मी हात नाही लावणार,’’ हे त्याचे वाक्य पैसे घेऊन दुरुस्ती करणाऱ्या कितीतरी ठिकाणी भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहे. शेजारच्या टेबलावर आलेल्या एका व्यापाऱ्याला तर त्यांनी सरळ परत पाठवले. त्यांचे सगळे हिशेब टॅलीत होते आणि टॅली हे विंडोजसाठीच बनवलेले सॉफ्टवेअर आहे. लिनक्सवर ते कसेबसे चालवण्याच्या युक्त्या आहेत, पण विवरणपत्र भरायच्या तारखेला युक्ती बिघडली तर कुणाला विचारणार, असे सरांनी त्यांना समजावले. प्रचारासाठी बसलेला माणूस गिऱ्हाइकाला नाही म्हणतो, यावरून त्याच्या सल्ल्यावर किती विसंबावे ते कळते.

मिंट ही लिनक्सची आवृत्ती त्यांनी आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून दाखवली. डिस्कला धक्का न लावता वायफाय, आवाज, कॅमेरा आणि टचपॅड तपासता येतात, आणि एखादे अडले तर गोष्ट तिथेच थांबवता येते. मिंटची 22 ही मालिका निवडण्याचे कारणही त्यांनी दिले: तिला 2029 पर्यंत सुरक्षेचे अद्यतन मिळणार आहे आणि खाली डावीकडे मेनू, शेजारी उघड्या खिडक्यांची पट्टी ही मांडणी विंडोज वापरणाऱ्याला परकी वाटत नाही. मध्येच वीज गेली. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत जीव नसतो, आणि डिस्कची विभागणी चालू असताना संगणक बंद पडला तर पंचाईत होते. पण टेबले आधीच इन्व्हर्टरवर घेतलेली होती. ही तयारी अनुभवाशिवाय होत नाही.

खरी कसोटी मराठीची होती, आणि इथे निकाल संमिश्र आहे. युनिकोड या सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरप्रमाणात लिहिलेला मजकूर लिब्रेऑफिस या वर्ड-एक्सेलसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये निर्दोष दिसला. जोडाक्षरे फुटली नाहीत, पहिली वेलांटी आपल्या जागी बसली. मराठी टाइप करण्याचा इनस्क्रिप्ट कळफलक दोन मिनिटांत सुरू झाला. मात्र संस्थेचे जुने ठराव कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलेले आहेत. अशा फाँटमध्ये फाइलीत साठवली जातात ती रोमन अक्षरे, आणि देवनागरी असतो तो केवळ त्यांच्यावर चढवलेला मुखवटा. फाँट नसलेल्या संगणकावर तो मुखवटा गळून पडतो आणि सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त निरर्थक रोमन अक्षरांच्या ओळींसारखे दिसू लागते. यात लिनक्सचा दोष नाही, कारण नव्या विंडोजवरही फाँट नसेल तर हेच घडेल. फाँट बसवल्यावर फाइली वाचता आल्या, पण त्यांत शोध घ्यायचा तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि बदलल्यानंतर रफार व अर्धी अक्षरे डोळ्यांखालून घालावी लागतात. ही अडचण नागपुरातील डीटीपी करणाऱ्या प्रत्येकाला, वकिलांच्या टायपिस्टला आणि जुन्या संस्थांच्या दफ्तराला पाठ आहे. असे असताना शिबिरात तिच्यासाठी वेगळे टेबल नाही, एकाच विद्यार्थिनीला त्यातले नीट कळते आणि तिच्यापुढे रांग लागते. डेस्कटॉपची संपूर्ण भाषा मराठी करून पाहिली तर काही मेनू मराठीत आणि काही इंग्रजीत राहिले, म्हणून मी ती इंग्रजीच ठेवली.

प्रिंटरच्या बाबतीत मी नाराज आहे. स्वस्त लेझर प्रिंटरपैकी बरेचसे पानाची मांडणी स्वतः करत नाहीत, ते काम संगणकातील ड्रायव्हरवर सोपवतात, आणि कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला नसेल तर प्रिंटर नुसता दिवा लावून बसतो. नेटवर्कवरचे अलीकडचे प्रिंटर बहुधा स्वतंत्र ड्रायव्हरशिवाय चालतात, पण संस्थेच्या कार्यालयात तसा प्रिंटर कुठून असणार? नोंदणीच्या वेळी प्रिंटरचे मॉडेल विचारले असते तर हे आधीच कळले असते. पुढे सरांनी फोनवर ड्रायव्हर शोधून दिला आणि पावत्या निघू लागल्या. मधल्या काळात त्या मात्र बाजूच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढाव्या लागल्या.

प्रचाराचा भाग मला फारसा रुचला नाही. भिंतीवरच्या तक्त्यात म्युनिक नगरपालिकेने सुमारे 15,000 संगणक लिनक्सवर नेल्याचे ठळक अक्षरांत होते, परंतु त्याच नगरपालिकेने 2017 साली विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला, हे कुठेही नव्हते. त्यापेक्षा केरळच्या सरकारी शाळांचे उदाहरण, जिथे मुले वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर शिकत आहेत, अधिक जवळचे आणि अधिक टिकाऊ आहे. मुक्त सॉफ्टवेअरचे तत्त्वज्ञान ऐकवण्यात जाणारा वेळ, लिब्रेऑफिसमध्ये फाइल जतन करताना कोणता प्रकार निवडावा हे दाखवण्यात गेला असता तर बरे झाले असते. लिब्रेऑफिस 2010 मध्ये ओपनऑफिस या आधीच्या प्रकल्पापासून वेगळे झाले, हा इतिहास आमच्या खजिनदारांना नको होता; त्यांनी पाठवलेली शीट लेखापरीक्षकाकडे नीट उघडेल का, एवढेच त्यांना हवे होते.

नंतरची मदत फोनवर आणि पुढच्या रविवारी मिळते. उत्तरे सभ्य असतात, पण विद्यापीठाच्या परीक्षा सुरू झाल्या की विद्यार्थी गळतात आणि सगळा भार सरांवर येतो. त्यामुळे ज्यांच्या कामात टॅली किंवा मराठी टायपिंगच्या श्रीलिपीसारखे विंडोजवरचे सॉफ्टवेअर नाही, त्यांनी जावे, आणि शक्यतो परीक्षांचा काळ टाळून जावे. सोबत चार्जर, बाहेरची डिस्क, प्रिंटरचे मॉडेल लिहिलेली चिठ्ठी आणि वापरात असलेले सगळे मराठी फाँट घ्यावेत. दहाला दार उघडते, साडेदहानंतर आलेल्यांना बहुधा पुढच्या रविवारची वेळ मिळते.