नोकरी सांभाळून केलेला सायंटिफिक कम्प्युटिंगचा पदव्युत्तर कोर्स: वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. कास्टिंग सिम्युलेशन, स्ट्रक्चरल अॅनालिसिस, पंपाचं सीएफडी (द्रवाच्या प्रवाहाचं संगणकावरचं गणित) असलं काही रोज करत असाल आणि सॉफ्टवेअरने काढलेल्या रंगीत चित्राखाली सही तुमची जात असेल, तर हा कोर्स डोळे झाकून घ्या. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला येणार असाल तर वाटेला जाऊ नका. पायथन येतं असं गृहीत धरूनच सर सुरुवात करतात.

मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मेथडिंग बघतो. रायझर (थिजताना आकसणाऱ्या कास्टिंगला धातू पुरवणारा साठा) कुठे, केवढा, गेटिंग (साच्यात धातू जायची वाट) कसं, हे ठरवायचं काम. डिग्रीला न्यूमेरिकल मेथड्स, म्हणजे गणितं आकडेमोडीने अंदाजे सोडवायच्या पद्धती, झाल्याच होत्या: न्यूटन-रॅफसन, सिम्पसन, रुंगे-कुट्टा, सगळं कॅल्क्युलेटरवर चार दशांश स्थळांपर्यंत. पेपर सुटला आणि विषयही सुटला. हा ऑनलाइन कोर्स त्याच नावांनी सुरू होतो, पण प्रत्येक पद्धत कुठे दगा देते यावरच त्याचा सगळा भर आहे.

सुरुवातीचे आठवडे फ्लोटिंग पॉइंटवर, म्हणजे कम्प्युटर दशांश संख्या मोजक्या आकड्यांत कशा साठवतो यावर जातात. आयईईई ७५४ हे १९८५ चं मानक, डबल प्रिसिजनमध्ये ५३ बिट, म्हणजे दशमानात साधारण १६ आकडे. जांभया यायला लागतात तेवढ्यात सर एक वर्गसमीकरण टाकतात: क्ष वर्ग, उणे दहा कोटी क्ष, अधिक एक, बरोबर शून्य. शाळेतलं सूत्र जसंच्या तसं पायथनमध्ये घातलं की लहान मूळ खऱ्याच्या जेमतेम पाऊणपट येतं. १६ आकडे हाताशी असून पाव भाग चूक! सूत्र बरोबर आहे, पण त्यात जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी होते आणि भरवशाचे आकडे तिथेच खलास होतात. उपाय साधा: मोठं मूळ सूत्राने काढा, दोन्ही मुळांचा गुणाकार एक येतो, त्यावरून लहान मिळवा.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग कंडिशनिंगचा, म्हणजे आकड्यांतली बारीकशी चूक उत्तरात किती फुगते याचा. हिल्बर्ट मॅट्रिक्स, १० बाय १०, दिसायला निरागस: एक, एक द्वितीयांश, एक तृतीयांश असे अपूर्णांक. तिचा कंडिशन नंबर, म्हणजे चूक फुगायची पट, १० च्या तेराव्या घातात जातो, म्हणजे १६ पैकी साधारण १३ आकडे पाण्यात. पण उत्तर समीकरणात परत घालून बघितलं तर रेसिड्युअल (दोन्ही बाजूंत उरणारा फरक) चकाचक, जवळपास शून्य. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये खाली जी हिरवी पट्टी पूर्ण होते ती रेसिड्युअलचीच. हे कळल्यापासून त्या पट्टीवरचा माझा विश्वास उडालाय.

उष्णतावहनाचा भाग तर थेट आमच्या शॉप फ्लोअरवरचा. एक्स्प्लिसिट पद्धतीत (पुढच्या क्षणाचं तापमान थेट आत्ताच्या तापमानांवरून काढतात ती) ग्रिड, म्हणजे चौकटींच्या जाळीतलं अंतर, निम्मं केलं की टाइम स्टेप पाव करावी लागते. त्रिमितीत सेल (जाळीतल्या चौकटी) आठपट, स्टेप्स चौपट, काम बत्तीसपट. लोखंडाला १ मिमी ग्रिड घेतलं तर स्टेप सेकंदाच्या काही शतांशांवर येते, त्यापुढे गेलात की तापमानं उधळतात. मग १९४७ ची क्रँक-निकोल्सन पद्धत येते, कितीही मोठी स्टेप घ्या, स्थिर. इथे बरेच कोर्स थांबतात, हा थांबत नाही. असाइनमेंटमध्ये मी १४०० अंशांचं लोखंड आणि ३० अंशांची वाळू शेजारी ठेवून मोठी स्टेप घेतली, तर सांध्याजवळच्या वाळूचं तापमान ३० च्याही खाली गेलं. सांगलीच्या मे महिन्यात! पद्धत स्थिर असते, पण अशा धारदार उडीवर हेलकावे खाते. पहिल्या दोन-चार स्टेप बॅकवर्ड यूलर या कमी अचूक पण हेलकावे न खाणाऱ्या पद्धतीने घेतल्या की हेलकावे दबतात.

बाकी विषयांत आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्सची स्वमूल्यं) ठीकठाक. एफएफटी (सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या काढणं) आणि माँटे कार्लो (यादृच्छिक आकड्यांनी अंदाज काढणं) धावत्या गाडीतून दाखवल्यासारखे. फायनाइट एलिमेंट, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे करून गणित सोडवायची पद्धत, जवळपास नाहीच, आणि पदव्युत्तर कोर्सात हे खटकतं.

खरी तक्रार ऑटोग्रेडरची, म्हणजे असाइनमेंट आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रॅमची. कोर्स शिकवतो की कम्प्युटरवर बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे आकडे बदलतात. आणि त्याच कोर्सचा ग्रेडर तुमचं उत्तर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवून बघतो! माझं एक बरोबर उत्तर त्याने नापास केलं, ईमेल केला तर साचेबंद पोच आली, गुण काही आले नाहीत. परीक्षेचं केंद्रही कोल्हापूरला मिळालं.

कामावर फरक पडला तो असा. आता महत्त्वाचं कास्टिंग दर वेळी निम्म्या केलेल्या तीन ग्रिडवर चालवतो आणि उत्तरांतला फरक किती पटीने कमी होतो ते बघतो. दुसऱ्या ऑर्डरची पद्धत (चूक ग्रिडच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते ती) असेल तर चारपट अपेक्षित, लेटंट हीट (धातू थिजताना बाहेर पडणारी उष्णता) आली की ते दोनाच्या आसपास घुटमळतं. साहेब म्हणाले, "अरे रिझल्ट आलाय ना, मग मशीन रात्रभर कशाला अडवून ठेवतोस?" मी त्यांना तीन ग्रिडवरची हॉटस्पॉटची (सगळ्यात शेवटी थिजणाऱ्या, पोकळी राहू शकणाऱ्या ठिकाणाची) जागा दाखवली. खडबडीत ग्रिडवर तो रायझरच्या मानेत होता, बारीकवर खाली जॉबमध्येच, म्हणजे कास्टिंगमध्येच, उतरला. पुढे काही बोलले नाहीत, रायझर वाढवायला मात्र परवानगी दिली.

लॅपटॉपची काळजी नको, ८ जीबी रॅम पुरते. शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर ग्रिड म्हणजे दहा लाख अज्ञातं. पूर्ण मॅट्रिक्स ठेवायची म्हटली तर ८ टेराबाइट लागतील, पण ओळीत शून्य नसलेले आकडे सातच. स्पार्स पद्धतीने, म्हणजे फक्त तेवढेच आकडे ठेवून, १९५२ मध्ये हेस्टेनीस आणि स्टीफेल यांनी मांडलेली कॉन्ज्युगेट ग्रेडियंट ही पायरीपायरीने उत्तराकडे जाणारी पद्धत वापरली की माझ्या जुन्या मशीनवरही सुटतं. आठवड्याचे आठ-दहा तास मात्र काढावे लागतील, आणि लिनिअर अल्जेब्रा गंजलं असेल तर पहिल्या महिन्यात त्याहून जास्त.