वेबस्टर्स कॉलेजिएट की ऑक्सफर्ड लर्नर्स? एकच कोश घ्यायचा असेल तर

इंग्रजी-मराठी कोश घरात आहे, पण तो आता पुरत नाही, अशा वेळी बहुधा या दोन कोशांपाशी येऊन अडायला होतं. एक मेरियम-वेबस्टर्स कॉलेजिएट, दुसरा ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स. मी दोन्ही बरीच वर्षं वापरतोय. शब्दसंख्या, किंमत दुकानात कळेलच, म्हणून त्याबद्दल बोलत नाही.

शब्दाचं मूळ हवं असेल तर वेबस्टरला तोड नाही. 'डिस्कस' हा शब्द काढून बघा. लॅटिन 'क्वाटेरे' म्हणजे हलवणं, झटकणं. 'डिस' म्हणजे वेगवेगळं. विषय झटकून त्याचे धागे सुटे करायचे, ती चर्चा. 'पर्कशन' आणि 'कन्कशन' ही याच धातूची भावंडं, त्यामुळे तालवाद्यं आणि डोक्याला बसलेला मार यांची चर्चेशी सोयरीक निघते. इंग्रजीत तो शब्द पहिल्यांदा कधी आढळला तेही दिलेलं असतं. असल्या वाचनात माझी संध्याकाळ सहज जाते.

पण तोच शब्द वाक्यात घालायचा असतो तेव्हा अडचण सुरू होते. वेबस्टर अर्थ कालक्रमाने लावतो, सर्वांत जुना आधी. त्यामुळे 'डिस्कस'खाली पहिला अर्थ भेटतो तो 'घालवून देणं', आणि तो आज कोणी वापरत नाही. 'नाइस'चंही तेच: आधी स्वैर, मग लाजाळू, मग चोखंदळ, आणि आपल्याला हवा असलेला 'छान' बराच खाली. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला यात काही खटकत नाही, त्याला आजचा अर्थ ठाऊकच असतो. पत्र लिहिता लिहिता कोश उघडणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र दर वेळी जुने अर्थ ओलांडून खाली उतरावं लागतं. घाईत कधी चुकीच्या पायरीवर थांबायला होतं. माझा निर्णय या एका गोष्टीने केला.

ऑक्सफर्ड लर्नर्सचा पाया ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना घातला. 1942 मध्ये टोकियोत निघालेला तो कोश इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठीच रचलेला होता, आणि हे आजही पानोपानी जाणवतं. मराठीत आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, म्हणून इंग्रजीतही 'डिस्कस अबाउट' सहज निघून जातं. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' चालत नाही, असं हा कोश चुकीच्या वाक्यासकट बजावतो. 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'अ‍ॅडव्हाइस' यांचं अनेकवचन होत नाही, हे नामापुढच्या एका खुणेत कळतं. वेबस्टरमध्येही वापराबद्दल टिपा आहेत आणि त्या सुंदर आहेत, पण त्या बहुतेक इंग्रजी भाषकांच्या आपापसातल्या वादांवरच्या. आपण जिथे घसरतो ती जागा तिथे क्वचितच सापडते.

उच्चारांचंही थोडं असंच. वेबस्टरच्या खुणा त्याच्या स्वतःच्या आणि उच्चार अमेरिकी. ऑक्सफर्डमध्ये आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी आहे, ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही उच्चार आहेत, आणि स्पेलिंग आपल्या शाळांत शिकवतात ते.

शिक्षणासाठी अमेरिकेला जाणाऱ्याने, किंवा ज्याचं लिहिणं आधीच पक्कं आहे आणि शब्दांच्या कुळकथांची ओढ आहे त्याने वेबस्टर घ्यावा. त्याचं पटेल मला. बाकीच्यांना, विशेषतः मराठी माध्यमातून शिकलेल्यांना, मी ऑक्सफर्डच सुचवेन. छापील प्रतीत व्युत्पत्ती फारशी मिळत नाही, पण त्याच कोशाच्या मोफत वेबसाइटवर बऱ्याच शब्दांखाली ती थोडक्यात दिलेली असते. नवीच आवृत्ती हवी असंही नाही. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात आधीची आवृत्ती मिळते का ते विचारून बघा, घरच्या वापराला ती पुरेशी आहे.