शाल, श्रीफळ आणि ५६,४०० रुपये

सत्कार आधी झाला, फसवणूक नंतर कळली. त्यातच सगळा घोळ आहे.

सातारा जिल्ह्यात सातवीपर्यंतची आमची जिल्हा परिषदेची शाळा. जुलैत व्हॉट्सअ‍ॅपवर पत्र आलं: 'शिक्षक आदानप्रदान कार्यक्रम, अमेरिका, तीन आठवडे.' विज्ञान प्रदर्शनातल्या माझ्या प्रयोगाचं नावही त्यात होतं. तो प्रयोग मीच फेसबुकवर टाकला होता, हे तेव्हा सुचलं नाही. सरपंचांच्या कानावर घातलं आणि १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर शाल-श्रीफळ! तोवर माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हता.

नोंदणीचे ५,००० तर मी आधीच भरले होते. मग त्यांनी 'सेव्हिस शुल्क' मागितलं, म्हणजे परदेशी विद्यार्थी आणि आदानप्रदानासाठी येणाऱ्यांची अमेरिकी सरकार जी नोंद ठेवतं तिचं शुल्क, २२० डॉलर. मी काही अगदीच भोळी नाही, नेटवर शोधून पाहिलं. अशा आदानप्रदान कार्यक्रमांच्या जे-१ व्हिसासाठी हे शुल्क खरंच लागतं आणि रक्कमही तीच. झालं, खात्री पटली! यूपीआयने १९,४०० पाठवले, तेही कुणा एका माणसाच्या नावावरच्या खात्यात.

तेव्हा आणखी चार ओळी वाचल्या असत्या तर? हे शुल्क अमेरिकी सरकारच्याच संकेतस्थळावर भरायचं असतं. त्यासाठी डीएस-२०१९ या फॉर्मवरचा, 'एन'ने सुरू होणारा क्रमांक लागतो. तो फॉर्म कार्यक्रमाची प्रायोजक संस्था आधी पाठवते, व्हिसाची मुलाखत त्यानंतर. मला सांगितलं, "मॅडम, फॉर्म व्हिसाबरोबरच येईल." अगदी उलटं! आणि अमेरिकी सरकारचाच कार्यक्रम असेल तर हे शुल्क माफ असतं. फुलब्राइट या अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला तर पैसेच पडत नाहीत.

तिसऱ्यांदा 'विमा व निवास' म्हणून ३२,००० मागितले. तेव्हा मात्र मनात पाल चुकचुकली. हे म्हणाले, "अगं, पावती तरी माग." पण गावभर बातमी झालेली, मुलं रोज विचारायची, "बाई, विमान कधी?" आता माघार घेतली तर हसं होईल, या एका भीतीने मी पतसंस्थेतून उचल घेतली. पहिले २४,४०० अज्ञानाचे म्हणा. हे ३२,००० निव्वळ लाजेचे.

पासपोर्ट आणि परदेशवारीच्या परवानगीसाठी पंचायत समितीत गेले, तिथे बिंग फुटलं. पत्र चाळून लिपिक म्हणाले, "बाई, तिकडची शाळा कोणती? खर्च कोण करणार? काहीच लिहिलेलं नाही यात." हे दोन प्रश्न मला महिनाभरात पडले नव्हते. बाहेर येऊन फोन लावला, नंबर बंद.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली. त्यांनी विचारलं, पैसे कधी पाठवले? लगेच कळवलं तर खात्यातली रक्कम गोठवता येते. मी तीन आठवड्यांनी सांगत होते. खातं केव्हाच रिकामं झालं होतं.

घाबरत घाबरत केंद्रप्रमुखांना सांगितलं. वाटलं, ओरडतील. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. तेच पत्र, नाव फक्त त्यांचं. खाली ५,००० रुपये पाठवल्याचा स्क्रीनशॉट, तारीख माझ्या पत्राच्याही आधीची.